फोडलेल्या चारशे काचा

समजा, तुमच्याकडे पाचशेवीस फोटो आहेत. वर्षभर मरमर करून काढलेले. दुसरी कॉपी नाही, बॅकअप नाही, काही नाही. आणि तुम्हाला सांगितलं की यातले फार तर एकशेवीस ठेवता येतील, बाकीचे आत्ता इथेच टाकून द्यायचे. टाकून द्यायचे म्हणजे रिसायकल बिनमध्ये नाही हं. फोडायचे. एकेक करून, स्वतःच्या हाताने.

९ नोव्हेंबर १९१५ या दिवशी फ्रँक हर्ली नावाचा ऑस्ट्रेलियन फोटोग्राफर नेमकं हेच करत बसला होता. जागा: अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रावर तरंगणारा बर्फाचा एक मोठा तुकडा. शेजारी बसला होता मोहिमेचा प्रमुख सर अर्नेस्ट शॅकल्टन. काचेची एकेक निगेटिव्ह उजेडात धरायची, दोघांनी बघायची, 'हो' किंवा 'नाही' ठरवायचं. 'हो' असेल तर पत्र्याच्या डब्यात. 'नाही' असेल तर तिथल्या तिथे बर्फावर आपटून चुरा. फोडायची कशासाठी, नुसती बाजूला का नाही ठेवायची? तर मागाहून मन बदललं आणि परत उचलावीशी वाटली तर काय घ्या! सुमारे चारशे काचा अशा फुटल्या. सुमारे एकशेवीस उरल्या.

शॅकल्टनची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर कुठल्यातरी ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये 'लीडरशिप'च्या स्लाइडवर तुम्ही त्याचं जहाज नक्की पाहिलं असेल. काळ्या आकाशापुढे भुतासारखं पांढरं दिसणारं, बर्फात रुतलेलं जहाज. मला आज लीडरशिपबद्दल काहीही म्हणायचं नाहीये (त्यासाठी एचआरवाले आहेत). मला लिहायचंय त्या स्लाइडवरच्या फोटोबद्दल. तो काढला कसा, घरी आला कसा, आणि अशा फोटोंवर विश्वास किती ठेवायचा.

बुडालेल्या जहाजांचे फोटो काढणारे लोक बहुतेक वेळा उशिरा पोचतात. जहाज खडकावर चढलेलं असतं किंवा तळाशी गेलेलं असतं, मग कॅमेरा येतो. 'एन्ड्युरन्स'चं तसं झालं नाही. तिचा फोटोग्राफर तिच्यावरच राहत होता, आणि ती मरत असताना सगळा वेळ तिच्याकडे बघत होता. त्यानंतर १०७ वर्षांनी तिचे पुन्हा फोटो निघाले, या वेळी तीन किलोमीटर पाण्याखाली. एकाच जहाजाचे हे दोन अल्बम शेजारी शेजारी ठेवून बघितले की काही गोष्टी डोक्यात यायला लागतात. त्या येतीलच, आधी थोडा इतिहास.

'एन्ड्युरन्स' हे नॉर्वेत बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं, १४४ फूट लांबीचं लाकडी जहाज. डिसेंबर १९१२ मध्ये ते पाण्यात उतरलं तेव्हा त्याचं नाव होतं 'पोलारिस', म्हणजे ध्रुवतारा. शॅकल्टनने ते विकत घेऊन नाव बदललं, पण मागच्या बाजूवरचा पाच टोकांचा तारा तसाच राहू दिला. हा तारा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. बेत असा होता की अंटार्क्टिका खंड एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, दक्षिण ध्रुवावरून, पायी ओलांडायचा.

आता अशा उद्योगाला पैसा लागतो. शॅकल्टनने जे मार्ग शोधले त्यातला एक म्हणजे मोहिमेच्या फिल्मचे आणि फोटोंचे हक्क निघायच्या आधीच विकणं. थोडक्यात, एकही फोटो काढलेला नसताना कंटेंट विकला गेला होता. त्यामुळे फोटोग्राफर हा काही हौसेखातर बरोबर घेतलेला पाहुणा नव्हता. त्याचं काम हे मोहिमेचं उत्पन्न होतं.

हर्लीचा जन्म १८८५ चा, सिडनीचा. तेराव्या वर्षी घरातून पळालेला, लोखंडाच्या कारखान्यात काम केलेला. पहिला कॅमेरा पंधरा शिलिंगांचा कोडॅक, आणि तोही आठवड्याला एक शिलिंग अशा हप्त्यावर घेतलेला. (आपल्यातल्या किती जणांनी पहिला कॅमेरा ईएमआयवर घेतला असेल, हात वर करा.) आधी डग्लस मॉसनबरोबर अंटार्क्टिका बघून आलेला असल्यामुळे थंडीत कॅमेरा कसा चालवायचा हे त्याला माहीत होतं.

५ डिसेंबर १९१४ ला जहाज साउथ जॉर्जिया बेटावरून निघालं आणि जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं ते अडकलंच. पुढचे दहा महिने बर्फ नेईल तिकडे ते जात राहिलं. अठ्ठावीस माणसं, कुत्र्यांची फौज आणि एक मांजर.

एवढ्या वेळात हर्लीने काय काय करून ठेवलं! तो स्लाइडवरचा फोटो २७ ऑगस्ट १९१५ च्या रात्रीचा आहे. ध्रुवीय हिवाळा, काळोख. त्याने जहाजाभोवती वेगवेगळ्या ठिकाणी फ्लॅश पावडरचे सुमारे वीस बार लावले आणि उडवले. प्रत्येक दोरावर हिम गोठलेलं असल्यामुळे सगळं जहाज पांढरंशुभ्र उजळलं. स्वतः हर्लीला मात्र त्या लखलखाटाने काही दिसेना, आणि बर्फाच्या उंचवट्यांवर नडग्या फोडून घेत, भुसभुशीत हिमात पडत धडपडत तो परत आला. हे झालं फक्त काढणं. मग त्या काचा त्याच थंडीत गारेगार पाण्यात धुवायच्या. नखांभोवतीची कातडी फाटायची, असं त्याने लिहून ठेवलंय.

२७ ऑक्टोबरला शॅकल्टनने जहाज सोडायचा हुकूम दिला. बर्फाने ते चिरडत आणलं होतं. माणसं बर्फावर तंबू ठोकून राहिली. जहाज अजून बुडालं नव्हतं, कारण ज्या बर्फाने ते मोडलं त्यानेच ते धरूनही ठेवलं होतं. हर्ली मूव्ही कॅमेरा लावून बसला आणि डोलकाठ्या कोसळताना त्याने फिल्मवर पकडल्या. याच दिवसांतला त्याचा एक फोटो मला त्या पांढऱ्या भुतापेक्षा जास्त आवडतो. पुढे बर्फात कुत्रे बसलेत आणि मागे मोडलेल्या जहाजाचा सांगाडा. कुत्र्यांना काय कळत असेल कोण जाणे, पण ते शांतपणे तिकडे बघतायत. (त्यातला एकही कुत्रा परत आला नाही. खायला पुरेना तेव्हा सगळे गोळी घालून मारावे लागले. मांजरही.)

शॅकल्टनने नियम केला: प्रत्येकाला स्वतःचं सामान फक्त दोन पौंड, म्हणजे किलोभरही नाही. त्याने स्वतः सगळ्यांसमोर सोन्याची नाणी बर्फात फेकली. राणी अलेक्झांड्राने दिलेलं बायबलही ठेवून दिलं, त्यातली काही पानं तेवढी फाडून घेतली. एक बँजो मात्र त्याने आग्रहाने ठेवायला लावला, माणसांची मनं ताळ्यावर राहावीत म्हणून. आणि निगेटिव्ह? त्या तर अजून जहाजातच होत्या.

२ नोव्हेंबरला हर्ली परत त्या मोडक्या जहाजात गेला. कुऱ्हाडीने लाकडी भिंत फोडली, कपडे काढले आणि बर्फाच्या लगद्यासारख्या पाण्यात उतरून चाचपडत डबे बाहेर काढले. डब्यांना डाख देऊन ते बंद केलेले होते म्हणून काचा शाबूत राहिल्या. मला इथे नेहमी थांबायला होतं. जीव वाचेल की नाही याचा पत्ता नसताना एक माणूस फोटोंसाठी बर्फाच्या पाण्यात उतरतो. वेडेपणा म्हणावा तर तसाच आहे. पण त्याने तो केला नसता तर 'एन्ड्युरन्स' हे आज एका पुस्तकातलं नाव असतं आणि त्या स्लाइडवर एचआरने दुसरा कुणीतरी टाकला असता.

मग आठवड्याने ती काचा फोडायची दुपार आली. निवडलेल्या प्लेट्स (त्यात थोड्या रंगीत फोटोंच्याही), फिल्मची रिळं आणि प्रिंट्सचा एक अल्बम एवढं राहिलं. मोठे कॅमेरे टाकून दिले. हर्लीच्या हातात उरला खिशात मावणारा एक छोटा कोडॅक आणि फिल्मचे तीन रोल. पुढच्या साऱ्या प्रवासासाठी एवढंच. त्यातून त्याने अडतीस फोटो काढले. नोव्हेंबरपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत अडतीस! आपण एका मिसळीचे अडतीस काढतो.

२१ नोव्हेंबर १९१५ ला जहाज बुडालं. कप्तान फ्रँक वर्स्लीने सूर्य दिसल्यावर सेक्स्टंटने मोजमाप घेऊन जागा वहीत लिहून ठेवली. हे आकडेही पुढे येणार आहेत.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. एप्रिल १९१६ मध्ये बर्फ फुटला, तेव्हा तीन होड्यांतून सगळे एलिफंट नावाच्या ओसाड बेटावर पोचले. तिथून शॅकल्टन पाच माणसं घेऊन 'जेम्स केअर्ड' या होडीने साउथ जॉर्जियाला मदत आणायला निघाला. निघायच्या आधी त्याने हर्लीला सहीनिशी लिहून दिलं की मी परत आलो नाही तर फिल्म आणि फोटोंचा सगळा कारभार तुझ्याकडे. मृत्युपत्रच म्हणा ना. २४ एप्रिलला होडी निघाली. मागे राहिलेले बावीस जण दोन उलट्या होड्यांच्या छपराखाली चार महिन्यांहून जास्त काळ राहिले. ३० ऑगस्ट १९१६ ला चिलीच्या नौदलाचं 'येल्चो' हे छोटं जहाज आलं आणि बावीसच्या बावीस वाचले.

आणि आता माझ्या मनात खरी ठसठस आहे ती गोष्ट. शॅकल्टनचं 'साउथ' हे पुस्तक १९१९ मध्ये निघालं. त्यात सुटकेचा फोटो आहे. किनाऱ्यावर माणसं, हात उंचावलेले, समुद्रात होडी. बघून अंगावर काटा येतो. फक्त तो सुटकेचा फोटो नाहीये. तो २४ एप्रिलचा आहे, 'जेम्स केअर्ड' निघाली त्या दिवसाचा. माणसं निरोप देतायत. फोटोत फेरफार करून खाली ओळ बदलली आणि निरोपाची सुटका झाली.

म्हणजे बघा, तेच हात. पण निरोपाला हलवलेले हात म्हणजे 'हे परत येतील की नाही देव जाणे', आणि सुटकेला हलवलेले हात म्हणजे 'आले रे आले'. मध्ये १२८ दिवस आहेत, भूक आहे, आणि एका खलाशाच्या गोठून काळ्या पडलेल्या पायाची बोटं कापण्याचं ऑपरेशन आहे. खालची एक ओळ बदलून हे सगळं गायब.

हर्लीची ती सवयच होती. १९१७ मध्ये तो पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याचा अधिकृत फोटोग्राफर झाला आणि तिथे त्याचं चार्ल्स बीन या युद्ध-इतिहासकाराशी कडाक्याचं भांडण झालं. हर्ली अनेक निगेटिव्ह जोडून एक चित्र करायचा. त्याचं एक गाजलेलं युद्धचित्र बारा निगेटिव्हचं आहे: एकातलं आकाश, दुसऱ्यातलं विमान, तिसऱ्यातले सैनिक. हर्लीचं म्हणणं होतं, लढाई कधी एका निगेटिव्हमध्ये मावते का? बीन म्हणाला, हे बनावट आहे, इतिहासात चालणार नाही. हर्लीने राजीनाम्याची धमकी दिली.

बरीच वर्षं मी या भांडणात डोळे मिटून बीनच्या बाजूने होतो. मग २०२२ चे फोटो आले आणि माझी थोडी पंचाईत झाली.

५ मार्च २०२२ ला 'एन्ड्युरन्स' सापडली. 'अगल्हास २' हे दक्षिण आफ्रिकेचं बर्फफोडं जहाज, आणि मोहीम फॉकलंड्स मॅरिटाइम हेरिटेज ट्रस्टची. २०१९ मध्ये एकदा प्रयत्न झाला होता, तेव्हा शोधणारं यंत्रच बर्फाखाली हरवून बसले होते. या वेळी सापडली, ३,००८ मीटर खोल. वर्स्लीने लिहिलेल्या जागेपासून फक्त सुमारे चार सागरी मैलांवर! जीपीएस नाही, सॅटेलाइट नाही, पायाखालचा बर्फ सरकतोय, आणि माणूस एवढं अचूक लिहून ठेवतो. आपण वीकेंडला लोणावळ्यात रस्ता चुकतो.

पहिले फोटो बघून मी खुर्चीतच आडवा झालो. तिथलं पाणी अति थंड, आणि लाकूड पोखरणारे किडे तिथे नाहीत. त्यामुळे मागच्या बाजूवर अर्धवर्तुळात अक्षरं स्पष्ट: एन्ड्युरन्स. आणि खाली तो पाच टोकांचा तारा. मागच्या डेकवर सुकाणूचं चाकसुद्धा जागच्या जागी उभं. पुढे २०२४ मध्ये संपूर्ण अवशेषांचं थ्री-डी मॉडेल प्रसिद्ध झालं. त्यात डेकवर ताटं दिसतात, एक बूट दिसतो आणि एक फ्लेअर गन दिसते. जहाजाला शेवटची सलामी म्हणून हर्लीने फ्लेअर गन उडवली होती आणि ती डेकवरच टाकली होती, असं त्याच्या डायरीत आहे. म्हणजे १०७ वर्षांनी कॅमेरा पोचला तो थेट पहिल्या फोटोग्राफरने टाकलेल्या वस्तूपर्यंत.

आता पंचाईत अशी. तीन किलोमीटर खाली संपूर्ण काळोख असतो. यंत्राचे स्वतःचे दिवे असतात, पण पाणी उजेड पिऊन टाकतं, त्यामुळे थोड्या अंतरापलीकडे काही दिसत नाही. १४४ फुटी जहाज एका फ्रेममध्ये मावेल इतकं मागे जाऊन फोटो काढणं तिथे शक्यच नाही. मग काय करतात? यंत्र जवळून फिरत एकमेकांवर थोडे थोडे चढणारे हजारो फोटो काढतं, लेझरने मापं घेतं, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक जोडीतले सारखे बिंदू शोधून त्यांची सांधाजोड करतं. 'एन्ड्युरन्स'साठी असे सुमारे २५,००० फोटो वापरले. म्हणजे अख्ख्या बुडालेल्या जहाजाचं जे देखणं चित्र आपण बघतो, निळसर, स्वच्छ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ते दृश्य प्रत्यक्ष कुणालाही कधीच दिसलेलं नाही. खाली उतरलेल्या यंत्रालासुद्धा नाही.

हर्लीच्या बारा निगेटिव्ह बनावट, मग या पंचवीस हजारांचं काय? माझ्या धंद्यातलं डोकं म्हणालं, अरे, हे तर त्याहून मोठं जोडकाम आहे!

पण फरक आहे, आणि तो मला सापडायला दोन-तीन शनिवार गेले. २०२२ वाल्यांनी सांगितलं की हे जोडकाम आहे, किती फोटोंचं आहे, कशाने केलंय. आणि त्यातला प्रत्येक तुकडा जिथला आहे तिथेच बसवला. हर्लीने आकाश दुसरीकडून आणलं, आणि सुटकेच्या फोटोत तर दिवसच बदलला. जोडणं हा गुन्हा नव्हे. लढाई एका निगेटिव्हमध्ये मावत नाही हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं, बुडालेलं जहाजही मावत नाही. गडबड झाली ती चित्राखालच्या ओळीत. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड बदलायला हरकत नाही, पण कमिट मेसेजमध्ये खोटं लिहू नका.

याचा परिणाम काय होतो ते बघा. २०२५ मध्ये युक्का तुहकुरी या फिनलंडच्या प्राध्यापकाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बर्फ आणि जहाजं हाच त्यांचा विषय, आणि २०२२ च्या मोहिमेवर ते स्वतः होते. त्यांनी दाखवलं की 'त्या काळातलं सगळ्यात मजबूत लाकडी जहाज' ही 'एन्ड्युरन्स'ची ख्याती खरी नव्हती. बर्फाच्या दाबाला तोंड देणारे तिरके आधार तिच्यात नव्हते, आणि शॅकल्टनला हे माहीत असावं, कारण दुसऱ्या एका जहाजासाठी तसे आधार घालायचा सल्ला त्यानेच दिला होता. सुकाणू तुटल्यामुळे जहाज गेलं ही समजूतही अपुरी ठरली. बर्फाने तळाचा कणाच उखडला होता. असं काही तपासायचं तर डायऱ्या, पत्रं आणि फोटो हेच साक्षीदार. आणि साक्षीदाराने एकदा थाप मारलेली पकडली गेली की त्याच्या खऱ्या साक्षीलाही वकील टोकतो. हर्लीचे शेकडो अस्सल फोटो त्या एका 'सुटके'मुळे उगाच संशयात येतात. याचं मला वाईट वाटतं, कारण त्याने ते बर्फाच्या पाण्यातून काढून आणले होते.

आणखी एक राहिलंच. 'सगळेच्या सगळे वाचले' हे वाक्य त्या स्लाइडवर हमखास असतं. 'एन्ड्युरन्स'पुरतं ते खरं आहे. पण खंडाच्या दुसऱ्या बाजूला, रॉस समुद्राकडे, याच मोहिमेची दुसरी तुकडी शॅकल्टनसाठी वाटेत अन्नाचे साठे ठेवत होती. त्यातले तिघे मेले. त्यातला एक, अर्नोल्ड स्पेन्सर-स्मिथ, त्या तुकडीचा धर्मगुरू होता, आणि फोटोग्राफरही. २०१३ मध्ये केप एव्हन्सच्या झोपडीत न धुतलेल्या बावीस निगेटिव्ह सापडल्या, त्याच तुकडीच्या काळातल्या. चिकटून त्यांचा एक ठोकळा झाला होता. न्यूझीलंडच्या लोकांनी त्या अलगद सोडवल्या, धुतल्या, आणि जवळपास शंभर वर्षांनी त्यातून माणसं बाहेर आली. डागाळलेली, पुसट, पण आहेत. कुणी काढले ते ठरलेलं नाही. त्यांच्यावर स्लाइड कुणी करत नाही.

त्या चारशे काचांत काय होतं, हा प्रश्न मात्र सुटत नाही. ज्या बर्फावर त्या फोडल्या तो केव्हाच वितळला असणार आणि काचा तळाशी गेल्या असणार, जहाजापासून कुठेतरी दूर. त्या शोधायला कोणी जाणार नाही. पण हर्लीने चारशे फोडल्या हे आपल्याला कळलं, कारण त्याने ते स्वतः लिहून ठेवलं. गाळलं, किती गाळलं, का गाळलं. तेवढा प्रामाणिकपणा त्याच्याकडे होता. सुटकेच्या फोटोखाली अजून एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं?

असो. माझ्या हार्ड डिस्कवर 'ट्रिप_फायनल', 'ट्रिप_फायनल२' आणि 'नवीन फोल्डर (७)' असे तीन फोल्डर आहेत. आज दुपारी ते उघडून, कुठले, कधीचे, कोण कोण आहे, एवढं तरी लिहून ठेवावं म्हणतो.